आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना काय सांगावं? जाणकारांनी लिहा

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूरच्या मेडिकलला येऊ लागतात. सोबतचे नातेवाईक दाराबाहेर बसून राहतात. त्यांच्या कामी येईल तेवढंच लिहा.

आयसीयूतल्या सिस्टर
फवारणीच्या औषधाचा डबा रिकामा असला तरी सोबत आणायला सांगा. लेबलावर औषधाचा प्रकार कळतो, त्यावर उपचार ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकाचा एक प्रकार) असेल तर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालतं. त्याने तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, पेशंट बरळतो, नळ्या ओढतो, मग हात बांधावे लागतात. हे नातेवाइकांना आत सोडण्याआधी सांगावं. आत गेल्यावर त्यांना फक्त बांधलेले हात दिसतात आणि भांडण होतं.

सगळ्यात घात होतो तो बरं वाटल्यावर. पेशंट बोलतो, चहा मागतो, घरचे स्वतःच्या सहीवर सुट्टी मागतात. पण विष अंगात गेल्यापासून २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नसेल तर ती धोक्याची खूण. अशा वेळी गावाकडे नेलं तर वाटेतच श्वास थांबू शकतो. ‘अजून चार दिवस इथंच’ हे पहिल्याच दिवशी, कारणासकट सांगा.

समाजसेवा अधीक्षक
‘काळजी करू नका’ म्हणून काहीच कळत नाही. आज काय बिघडलं, मशीन काय करतं, डॉक्टर पुन्हा किती वाजता बोलतील, एवढं सांगा आणि त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या. ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेला’ हा समज गावोगावी आहे. मशीन श्वास देतं, नळी स्वरयंत्रातून जाते म्हणून बोलता येत नाही. ऐकू येत असू शकतं, तेव्हा खाटेजवळ नावाने हाक मारायला सांगा, रडारड बाहेर.

आरोग्यमित्र
भरती होताच महात्मा फुले योजनेच्या (सरकारी मोफत उपचार योजना) टेबलावर राशन कार्ड आणि पेशंटचं आधार दाखवा, बिल भरण्याआधी. कार्ड गावी राहिलं असेल तर आधी फोटो मागवा, मूळ कार्ड मागून येईल. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग जुळतं का पाहा, काम बहुधा तिथंच अडतं. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के सवलतीत असतात, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालतो.

आशा सेविका
गावाला निरोप देणारा एकच माणूस ठरवा. दहा फोनांत दहा बातम्या निघतात. म्हशीचं दूध कोण काढेल, लेकरं कुठं जेवतील, हे विचारा. घरची बाई त्याच काळजीने उठून गावी जाते.

ग्रामपंचायतीचा कर्मचारी
माणूस दगावलाच तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. त्या अहवालाशिवाय, पोलीस पंचनाम्याशिवाय शेतकरी अपघात अनुदानाचे २ लाख अडतात. सातबारासह अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे.