बेस गिटार पावसात खडखडतोय, बजेट १५ हजार. नवीन बेस घेऊ की अँप?

चौथी_तार, डोंबिवली

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

दीड वर्ष झालं बेस शिकतोय, वय ४१, नोकरी फोर्टात, त्यामुळे रियाज रात्री साडेनऊनंतर जेमतेम पाऊण तास. बेस सेकंडहँड आहे, चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला). उन्हाळाभर मस्त वाजत होता आणि आषाढ लागल्यापासून जाड ई तार पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चौथ्या-पाचव्यापर्यंत खडखडायला लागलीये, तानपुऱ्याची जवारी फार उघडी राहिली की कसा झर्रर्र आवाज येतो तसा. बाराव्याच्या पुढे मात्र स्वच्छ. एका दुकानात दाखवला तर बघितल्या बघितल्या म्हणाले नेक (म्हणजे दांडी) गेली, ह्याच्यावर खर्च करू नका, नवीन घ्या. मला जीवावर आलंय कारण ह्याच बेसवर मी पहिला सूर काढला.

दुसरं म्हणजे सोसायटीच्या गणपतीत भक्तिगीतांचा दीड तासाचा कार्यक्रम आहे, पेटी, तबला, टाळ, दोन गाणारे, आणि ह्या वर्षी मलाही बोलावलंय. माझ्याकडे अँप नाही, मित्राचा गिटारचा छोटा अँप आणलाय. खालच्या आजी दोनदा वर येऊन सांगून गेल्या की रात्री मांडणीतली भांडी घुमतात. ओरडल्या नाहीत, नीट बोलल्या, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

तिसरं, अर्ध्या तासात डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं.

१५ हजार जमवलेत. नवीन बेस, अँप, की आणखी काही?

लाकूड_आणि_तारा, पुणे

नवीन बेस घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय खडखड पहिल्या चार-पाच फ्रेटवर आहे आणि वर नाही. हे लक्षण बहुतेक वेळा नेक फार सरळ झाल्याचं किंवा उलटी, म्हणजे मागच्या बाजूला वाकल्याचं असतं. नेकला पुढच्या बाजूला अगदी किंचित बाक लागतो कारण तार मधोमध जास्त फिरते, तिला जागा हवी. लाकूड ओल खातं आणि बाक बदलतो, पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येकाचा बदलतो. त्याला नेक गेली म्हणत नाहीत. नेक पिळली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते असं एका नजरेत ठरवता येत नाही.

घरी बघायची पद्धत सांगतो. आधी बेस नीट सुरात लावा, ढिल्या तारांवर मोजून उपयोग नाही. मग मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरून डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्याने शेवटच्या फ्रेटवर. आता ताणलेली तार हीच तुमची फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट ह्यात किती फट आहे ते घरातल्या कोणालातरी बघायला सांगा. साधं व्हिजिटिंग कार्ड हलकेच सरकलं पाहिजे, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. कार्ड जातच नसेल, तार फ्रेटवर टेकलेली असेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) थोडा सैल करायचा. फट खूप मोठी असेल तर आवळायचा.

रॉडचा नट हेडच्या बाजूला दिसत असेल तर बरोबर मापाची अ‍ॅलन की घ्या, ढिली बसणारी चालवून घेऊ नका, नटाची भोकं गोल होतात आणि मग खरोखरच खर्च येतो. पाव आटा फिरवायचा, बास. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी परत बघा कारण लाकूड सावकाश सरकतं. काही जुन्या धाटणीच्या बेसमध्ये नट नेकच्या बुडाशी असतो, तिथे नेक सोडवल्याशिवाय हात पोचत नाही, तसं असेल तर कारागिराकडे न्या.

सह्याद्री_७७

लाकूड_आणि_तारा, मतभेद नोंदवतो. नवशिक्या माणसाला ट्रस रॉडला हात लावायला सांगू नये. माझ्या भाच्याने व्हिडिओ बघून दोन आटे आवळले आणि नट तुटला. दीड हजार देऊन सेटअप (बेसची सगळी जुळणी) करून घ्या, समोर बसून बघा, शिका, पुढच्या वर्षी स्वतः करा.

लाकूड_आणि_तारा, पुणे

दोन आटे आणि पाव आटा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण रॉड हलायला जड वाटला तर तिथेच थांबायचं हे मी लिहायला हवं होतं, ते तुमचं मान्य. मोजायला मात्र कोणीच घाबरू नये. मोजून गेलात की दुकानदार काय सांगतोय ते तुम्हाला कळतं.

रात्रपाळी, मुलुंड

भांड्यांबद्दल. उघडी ई तार म्हणजे सेकंदाला साधारण ४१ कंपनं, तिची लाट हवेत आठ मीटरहून लांब, तुमच्या हॉलपेक्षाही मोठी. भिंत, पडदा, गादी ह्यातलं काही तिला अडवत नाही. अँप जमिनीवर असेल तर स्लॅबच वाजतो. खाली जाड फोम टाकला किंवा स्टुलावर ठेवला की थोडा फरक पडतो, पण रात्री साडेनऊनंतर हेडफोन हाच खरा मार्ग. बेसमध्ये थेट खोचायचा छोटा हेडफोन अँप मिळतो किंवा लॅपटॉप असेल तर ऑडिओ इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या, त्यात रेकॉर्डही करता येतं. मी तीन वर्षं असाच वाजवतोय आणि शेजारच्यांना मी बेस वाजवतो हे सत्यनारायणाला घरी आले तेव्हा कळलं. कानात आवाज कमी ठेवा एवढंच, हेडफोनमध्ये खालचे सूर नीट ऐकू यावेत म्हणून आपण नकळत वाढवत जातो.

आणि गिटारच्या छोट्या अँपवर बेस मोठ्याने वाजवू नका, त्याचा स्पीकर एवढ्या खालच्या सुरांसाठी बनवलेला नसतो, फाटतो. मित्राचा आहे म्हणून आणखी सांगतोय.

मांडव_साउंड, ठाणे

कार्यक्रमासाठी अँप विकत घेण्याची गरज नाही. साउंडवाल्याला आधी फोन करून सांगा की एक बेस आहे, डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) आण. बेस त्यात, तिथून मिक्सरला. तुम्हाला ऐकू यायला एक मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मागा, आणि तो आधीच मागा, आयत्या वेळी गाणाऱ्यांना जातात सगळे.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. मांडवात जमीन ओली असते, वायरी जोडलेल्या असतात, अर्थिंग कुठे असतं कुठे नसतं. बोटं तारांवर आणि ओठ माइकला लागले की दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असेल तर शॉक बसतो, बेसच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात म्हणून. कार्यक्रमाआधी सॉकेटचं अर्थिंग टेस्टरने तपासून घ्यायला लावा, कोणी हसलं तरी. आणि हम (स्पीकरमधून घूं असा आवाज) येतोय म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. हमसाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या वायरीचं अर्थ तोडतं, तुमच्या जीवाचं नाही.

लहान_पंजा, नागपूर

दादा, अंगठ्याचं मला झालं होतं. मी ६ महिने एका फ्रेटला एक बोट असं पहिल्या फ्रेटपासून ताणून वाजवत होते, सगळे व्हिडिओ तसंच सांगतात. बेसची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, पहिले फ्रेट इतके लांब लांब की माझा पंजा पुरायचाच नाही, मग अंगठा नेकला चिमटा काढल्यासारखा आवळला जायचा. मग डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत कळली, सिमांडल नावाच्या वादकाची. खालच्या फ्रेटवर पहिलं, दुसरं आणि करंगळी, तिसरं बोट करंगळीच्या मदतीला. चार बोटांत चारऐवजी तीनच फ्रेट, पुढच्या सुराला आख्खा हात सरकवायचा. सहाव्या-सातव्याच्या पुढे हवं तर एका फ्रेटला एक बोट.

करून बघा: सूर दाबलेला असताना अंगठा नेकवरून उचला. सूर टिकला तर तुमचा जोर बरोबर आहे, हाताच्या वजनानेच तार दबतेय. आणि तार फ्रेटच्या अगदी मागे दाबा, मधोमध नाही, निम्मा जोर लागतो. पट्टा रुंद घ्या. दुखत असेल त्या दिवशी थांबा, रेटू नका, मी रेटलं आणि दोन महिने बंद ठेवावं लागलं.

खडखड काढण्यासाठी तार खूप उंच मात्र करू नका, मग जोर आणखी लागतो. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलिमीटर पुष्कळ झालं.

डग्गा, सातारा

मी तबल्याचा माणूस, त्यामुळे वाद्याबद्दल बोलत नाही, वाजवायचं काय ते बोलतो, कारण चांगले चांगले बेसवाले भजनात तबल्याच्या अंगावर येतात. डग्गा आणि तुमची जाड तार एकाच घरात राहतात. केरवा घ्या, धा गे ना ति, न क धि ना. डग्ग्याची घुमारी आहे १, २ आणि ७ मात्रेवर. मधे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत तो गप्प आहे. तुम्ही समेवर सा द्या, दुसऱ्या मात्रेला काही करू नका, गे ऐकू येऊ दे, आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे कालावर, खालचा पंचम द्या. तेवढ्यानेच ठेका उचलला जातो. सूर कधी सुरू करायचा ह्याच्याइतकंच तो कधी दाबून बंद करायचा हे महत्त्वाचं. दादऱ्यात तसंच, १ आणि ४.

पट्टी कोणती आहे ते विचारून ठेवा. गाणारे काका असतील तर बहुधा काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा.

रात्रपाळी, मुलुंड

डग्गा, काय सुंदर लिहिलंत! चौथी_तार, काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट, आणि त्याच चौथ्या फ्रेटवर शेजारच्या ई तारेला खालचा पंचम. एका बोटाचं काम. काळी पाच निघाली तर तेच सगळं पहिल्या फ्रेटवर.

बर्फातला_बेस, टोरांटो

इकडे उलटी कथा. हिवाळ्यात घर हीटरने इतकं कोरडं होतं की फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचायला लागतात, लाकूड आक्रसतं ना. आर्द्रता ४५-५० टक्क्यांच्या आसपास राहील तर बेस वर्षभर शांत. तुमच्याकडे पावसात तसं राहणं अवघड, पण बेस भिंतीला टेकवून ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

तारा बदलणार असाल तर फ्लॅटवाउंडचा विचार करा. गुळगुळीत असतात, बोटांचा चरचर आवाज येत नाही, भजनाला शोभतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन तारा बदलायचाच नाही, फ्लॅटवाउंड आणि उजव्या हाताचं एकच बोट, त्यावर १९६० च्या दशकातली एवढी गाणी उभी आहेत. फक्त ताण बदलतो, म्हणून नवीन तारा आधी लावा आणि नेक नंतर मोजा.

चौथी_तार, डोंबिवली

मंडळी, किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी. काय केलं ते सांगतो.

शनिवारी बेस सुरात लावून लेकीला हाताशी घेतलं. मी दोन्हीकडून तार दाबून बसलो आणि ती व्हिजिटिंग कार्ड सरकवत होती. गेलंच नाही. मग कागद घेतला, तोही अडकला, तार फ्रेटवर टेकलेलीच होती. सह्याद्री_७७ यांचं मनात होतं म्हणून दादरला एका कारागिराकडे गेलो, समोर बसलो. त्यांनी पाव आटा सैल केला, सुरात लावला, मोजला, पुन्हा थोडासा, आणि ई तारेचा चौथा फ्रेट वाजवून दाखवला. स्वच्छ. तो खालचा पंचम ऐकून खरंच डोळ्यात पाणी आलं माझ्या, महिनाभर त्याच सुरावर झर्रर्र ऐकत होतो. नेक पिळलेली नाही म्हणाले.

फ्लॅटवाउंड तिथेच लावून घेतल्या, हेडफोन अँप घेतला, रुंद पट्टा घेतला. बाकीचे पैसे तसेच आहेत. मित्राचा अँप परत केला, खाली आजींना सांगून आलो की आता भांडी वाजणार नाहीत. अंगठा अजून दुखतो पण उशिरा.

आता एकच विचारायचंय. काकांची पट्टी काळी एकच निघाली. वरचा सा मी जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर घेतो, तो लगेच मरतो. पाचव्यावर तसं होत नाही. खडखड नाही, नुसता विझतो. पुन्हा नेक का?

लाकूड_आणि_तारा, पुणे

नाही नाही, घाबरू नका. ह्याला डेड स्पॉट म्हणतात. लाकडी नेकचं स्वतःचं एक कंपन असतं, त्या सुराशी जुळलं की तारेची ताकद नेक शोषून घेते. ह्या धाटणीच्या कित्येक बेसना जी तारेवर पाचव्या ते सातव्याच्या आसपासच असतो, महागड्यांनाही. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटवर घ्या, टिकेल, शिवाय जाड वाजेल.

चौथी_तार, डोंबिवली

अकराव्यावर टिकतो! चार दिवस तिथे हात सरकवायचा सराव केला.

आणि आज तालमीला काका म्हणाले घसा बसलाय, कार्यक्रमापर्यंत पांढरी एक घेऊ. आता सगळं एक फ्रेट मागे, वरचा सा जी तारेच्या पाचव्यावर, तिथे छान टिकतोय. तबलेवाल्या दादांना विचारलं दुसऱ्या मात्रेला मी आड येतोय का, तर म्हणाले नाही, पण सातवीला येतोस. उद्या तेवढंच बसवतो.