प्रतिसाद: बंदी घातली की प्रश्न सुटला?

या चर्चेत म्हटलंय की सरकारने नकाबावर, म्हणजे चेहरा झाकणाऱ्या पडद्यावर, बंदी आणली की बायका आपसूक मोकळ्या होतील. इतकं सरळ असतं तर काय हवं होतं!

१९२३ साली रोमची स्त्री-मताधिकार परिषद आटोपून इजिप्तच्या स्त्री-हक्क कार्यकर्त्या हुदा शारावी आणि सैझा नबरावी कैरोला परतल्या. स्टेशनवर बायकांची गर्दी होती. दोघींनी चेहऱ्यावरचा पडदा दूर केला, क्षणभर शांतता, मग टाळ्या. काही जणींनी तिथल्या तिथे आपलेही पडदे काढले. डोक्यावरचं वस्त्र मात्र हुदाबाईंनी तसंच ठेवलं. कायदा नाही, पोलीस नाहीत.

आता इराण बघा. १९३६ मध्ये तिथला राजा रेझा शाहने बुरखाबंदी लादली. पोलीस रस्त्यात बायकांची चादर (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारं वस्त्र) ओढून काढत, म्हणून कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. आणि मार्च १९७९ मध्ये, क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या धर्मगुरू खोमेनींनी हिजाबसक्तीची भाषा केली, तेव्हा तेहरानच्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांत डोकं झाकलेल्याही होत्या, हे आपल्या चर्चांत कुणी सांगत नाही. त्यांचं भांडण कापडाशी नव्हतंच, हुकमाशी होतं.

फ्रान्सच्या २०१० च्या कायद्यात चेहरा झाकणारीला १५० युरोपर्यंत दंड आहे, सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो. दुसरं कलम मला पटतं. पण सक्ती होते ती घराच्या चार भिंतींत. तिथे साक्ष कोण देणार? रस्त्यावर सापडते ती बाईच.