उत्तर: ॲक्रिलिक की लॅमिनेट, त्याआधी सिंकखाली बघा
कमी बजेटमध्ये मॉड्युलर किचन कसं करावं, या प्रश्नावर वर बहुतेकांचा वाद शटरच्या (म्हणजे कपाटांच्या दारांच्या) फिनिशवर चाललाय, चकचकीत ॲक्रिलिक की त्याहून स्वस्त लॅमिनेट. बजेट तंग असेल तर सरळ लॅमिनेट घ्या आणि वाचलेले पैसे आतल्या खोक्यात घाला. मॉड्युलर किचन खराब होतं ते समोरून नाही, सिंकखालून. पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) उघड्या कडेत पाणी मुरलं की ती फुगते, स्क्रूची पकड सुटते आणि दार बिजागरीसकट लोंबायला लागतं. सगळीकडे परवडत नसेल तर निदान सिंकखालचं युनिट तरी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायचं करा. नमुना बघताना मागच्या, न दिसणाऱ्या कडेवरून बोट फिरवून बघा, तिथेही एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) आहे का ते. काटकसर तिथेच उरकलेली असते.

ड्रॉवर मोजून घ्या, चॅनेलमुळे (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांमुळे) खर्च तेच वाढवतात. जड भांड्यांसाठी दोन-तीन खोल ड्रॉवर पुरे, बाकी दारं आणि फळ्या. कोपऱ्यातली फिरती जाळी म्हणजे (माझ्या मते) निव्वळ हौस.

कोटेशनमध्ये हार्डवेअर, हँडल आणि फिटिंगची मजुरी धरलीय का, हे लेखी घ्या. वरची कपाटं मागाहून लावता येतात. त्यांच्या जागेतलं वायरिंग मात्र टाइल्स बसायच्या आधी उरकून घ्या.