फंगल लंग इन्फेक्शनला मराठीत काय म्हणायचं? कवक, बुरशी की तिसरंच काही

पेशंटच्या हातात द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय आणि पहिल्याच ओळीला अडलोय. आधी "फुप्फुसाचा कवकसंसर्ग" लिहिलं, घरी वाचायला दिलं तर विचारलं की कवक म्हणजे कवच का. मग "फुप्फुसातली बुरशी" केलं, पण ते वाचून माणूस घाबरेल, छातीत शिळ्या अन्नासारखं काहीतरी उगवलंय असं डोळ्यासमोर येतं. कुठला ठेवू? आणि फुप्फुस की फुफ्फुस?

—

दोन्ही रूपं दिसतात, एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

बुरशीच लिहा हो. कवक शास्त्राच्या पुस्तकात ठीक आहे, त्यात यीस्ट, अळंबी सगळं बसतं, पण आजारी माणूस "डॉक्टरांनी फंगल सांगितलंय" असंच म्हणतो. बुरशीला घाणेरडेपणाची छटा आहे हे खरं, बुरसटलेले विचार वगैरे म्हणतोच की आपण. त्यावर उपाय म्हणजे लगेच पुढची ओळ टाका, की ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, श्वासाबरोबर रोज आत जातात आणि बहुतेकांना काहीही होत नाही.

—

माझा आक्षेप बुरशीला नाही, संसर्गाला आहे. छातीच्या आजारांचंच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो.

एकच ॲस्परजिलस फुप्फुसात किमान तीन वेगळे उद्योग करतो. दम्याच्या पेशंटमध्ये शरीर त्याच्याविरुद्ध नको तेवढं भडकतं, रक्तात आयजीई हे ॲलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य खूप वाढतं, ती ॲलर्जी, तिथे स्टेरॉइड हेच औषध असतं, कधी त्याच्याऐवजी किंवा जोडीला इट्राकोनॅझोल ही अँटिफंगल गोळी. दुसरं, जुन्या टीबीने पोकळी केलेली असते, तिच्यात बुरशीचा गोळा होऊन बसतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो किंवा एक दिवस खोकल्यातून रक्त येतं, मग तो शस्त्रक्रियेने काढता येईल का ते बघावं लागतं. आणि तिसरं, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात ती थेट ऊतकात, रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे वोरिकोनॅझोल हे अँटिफंगल ताबडतोब, आणि तिथे जास्त दिवस घेतलेले स्टेरॉइड हेच कित्येकदा बुरशीला वाट करून देतात. म्हणजे एका ठिकाणचं औषध दुसऱ्या ठिकाणचं कारण! तिन्हींना "बुरशीसंसर्ग" म्हटलं की शेजारच्याची गोळी आपल्याला चालेल असं वाटणारच.

मराठीत याला क्रियापदं आहेत की. बुरशीची ॲलर्जी *येते*, बुरशीचा गोळा *साचतो*, बुरशी *शिरते*. नामावर भांडण्यापेक्षा ही तीन वापरा.

—

हे क्रियापदांचं भारी आहे. साचतो मात्र पाण्यासारखं वाटतं, "गोळा धरतो" कसं वाटेल? बुरशी धरणे असं म्हणतातच.

—

धरतो चांगलंय, मान्य.

—

लॅबमधून दोन गोष्टी. "थुंकी तपासणी" लिहू नका, लिहिलंच तर खाली समजवा. थुंकी म्हटलं की लोक तोंडातली लाळ आणून देतात. छातीतून खाकरून काढलेला तो बेडका, शब्द ऐकायला कसातरी वाटतो पण नेमका तोच आहे.

दुसरं, "बेडक्यात बुरशी सापडली" आणि "बुरशीचा आजार आहे" ही वाक्यं एक नाहीत. श्वासनळीत नुसती मुक्कामाला असलेली बुरशीसुद्धा कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये नमुना वाढवून बघतात त्यात, उगवते. सीटी स्कॅन, दुर्बिणीने फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यातलं गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ), जमलं तर बायोप्सी, आणि पेशंटची एकूण अवस्था, हे सगळं जुळलं तर निदान. सापडणे आणि निदान होणे यात गल्लत नको.

—

निदानावरून आठवलं, "निदान तीन महिने औषध घ्यावे लागेल" असं वाक्य चुकूनही लिहू नका. इथे निदान म्हणजे कमीत कमी, आणि वरच्याच ओळीत निदान म्हणजे डायग्नोसिस. पेशंट दोनदा वाचतो आणि तरी गोंधळतो. सरळ "कमीत कमी" लिहा.

—

आणि अँटिबायोटिकला प्रतिजैविक म्हणतोय तर अँटिफंगलला काय? बुरशीनाशक म्हटलं की मला फवारणीचा पंप आठवतो.

—

"बुरशीवरचं औषध". झालं. पण हे वेगळं सांगावंच लागतं कारण नेहमीच्या अँटिबायोटिकने बुरशी हलत नाही, आणि बुरशीवरची औषधंही सगळ्या बुरशींना लागू पडत नाहीत. वोरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. गॅलॅक्टोमॅननची टेस्टसुद्धा म्युकरला पकडत नाही.

—

म्युकर म्हणजे 2021 मधली काळी बुरशी ना? तोच शब्द टाकायचा का?

—

नको. ती बुरशी काळी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग काळा पडतो. नाव पडलं ते पडलं, पण मग भिंतीवरच्या काळ्या डागालाही लोक तीच समजायला लागले. म्युकर लिहा, लोकांना आता माहीत झालंय.

—

सगळ्यांचे आभार. मथळा "फुप्फुसातील बुरशीचे आजार" करतोय, आजार अनेकवचनी, संसर्ग काढला. ॲस्परजिलसचं मराठी करायचा मोह होतोय, 1729 मध्ये मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचं साधन आठवून ते नाव दिलं म्हणतात, तर शिंपडी वगैरे...

—

अजिबात नको! रिपोर्टवर जे छापून येतं तेच पत्रकात हवं, नाहीतर पेशंट दोन्ही कागद शेजारी ठेवून शिंपडी शोधत बसेल.