'चाचा'चं स्त्रीलिंग काय? (आणि अंतराळात तांडेल चालेल का?)

पणजीहून

आमच्या ओळखीतल्या एकाने अंतराळातल्या चाच्यांवर कादंबरी लिहिलीय. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच छापली, आता स्कूटरच्या डिकीत पाच-सहा प्रती घालून फिरतो आणि भेटेल त्याच्या हातात ठेवतो, पैसे मागायला मात्र लाजतो. मी ती बेतीच्या फेरीबोटीत वाचायला काढली तर भाच्याने मागचा मजकूर मोठ्याने वाचला आणि विचारलं, मामा, अंतराळचाचा म्हणजे कोणाचा काका? बाजूचे दोघे हसले. म्हटलं अरे हा चंद्रातला च नाही, चाकातला च. तर म्हणतो लिहिताना कसं कळणार?

खरंच कसं कळणार? विभक्ती लागली की कळतं, लुटारूचं 'चाच्यांनी' होतं आणि काकाचं 'चाचांनी', पण नुसतं 'चाचा' आलं की वाचणारा हिंदीकडेच जातो. त्यात पुस्तकातली कप्तान बाई आहे. म्हणजे ती कोण, अंतराळचाची? जाणकारांनी सांगा. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी बाकीचे शब्द कसे वाटले तेही लिहा, कारण त्याने कप्तानाला सगळीकडे 'तांडेल' म्हटलंय आणि त्यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत.

फोंड्याहून

जुन्या पुस्तकांत 'चांचे' असं अनुस्वारासकट मिळेल. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले त्यात हाही गेला. शाळेत आम्हाला त्याचा आनंदच झाला होता, पण इथे तो टिंब असता तर तुमच्या भाच्याला काका दिसला नसता. लेखकाने बिनधास्त 'चांचे' छापावं, स्वतःचं पुस्तक आहे, कोण अडवणार.

'जलदस्यू' वगैरे सुचवू नका प्लीज. तो हिंदीतला, आणि अंतराळात जल कुठून आणणार.

काणकोणहून

मला तांडेल प्रचंड आवडला, भांडायचं असेल तर भांडा.

'अंतराळात तांडेल? बांगडे धरायला गेलेत काय' असं एकाने मला तोंडावर विचारलं. पण तांडेल म्हणजे नुसता नाव चालवणारा नव्हे. पाणी वाचणारा, कुठे जाळं टाकायचं ते ठरवणारा, आणि चुकला तर सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. कॅप्टन म्हटलं की युनिफॉर्म दिसतो, तांडेल म्हटलं की उघडे पाय दिसतात. कादंबरीतली बाई तशीच आहे, तिच्या हुकमावर लोक वाद घालतात.

लुटीच्या वाटपाचं प्रकरण वाचलंत ना? यानाच्या तळाशी सगळे गोल बसतात आणि वाटे पडतात तो प्रसंग. मी लहानपणी आजोबांबरोबर रांपणीला जायचो. ओली दोरी पोटाशी धरून मागे मागे सरकायचं, तळव्यांची सालं निघायची, आणि जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याच्या मालकाला वेगळा. मला तेच आठवलं. आणि खऱ्या चाच्यांचंही असंच होतं, बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे, तोफवाल्याला दीड, असा लेखी करारच होता. राजाच्या आरमारात खलाशाला असली वाटणी कोण देणार.

मडगावहून

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझा भाऊ बोटीवर आहे. आमच्या सासष्टीत घराघरात कोणीतरी बोटीवर असतोच, 'तो बोटीर आसा' म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत. सोमालियाच्या बातम्या जोरात होत्या त्या वर्षांत त्याचा टँकर एडनच्या आखातातून जायचा. रेलिंगला काटेरी तारांची वेटोळी, पाण्याचे होज बाहेर रोखून लावलेले, आणि चाचे वर चढलेच तर सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची एक खोली. ते चार दिवस आई फोन उशाशी घेऊन झोपायची. त्यामुळे 'चाचा' शब्दात मला रोमान्स वाटत नाही, कितीही ताऱ्यांमध्ये नेऊन ठेवला तरी.

पुस्तक मात्र पूर्ण वाचलं, दोन रात्रींत. का, तर लुटल्या गेलेल्या मालवाहू यानातला जो पोऱ्या आहे ना, त्याला लेखकाने 'तारवटी' म्हटलंय, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आमचा शब्द. तो पोऱ्या त्या बाईला तांडेल म्हणत नाही, चाचाही म्हणत नाही, थेट 'चोर' म्हणतो. तिथे मला लेखक पटला.

(आणि बेतूलला एलईडी लावून रात्री मासे ओढून नेणाऱ्या ट्रॉलरना पण लोक चोरच म्हणतात, चाचे नाही. 2017 साली बंदी आली तरी त्यांचे दिवे काही विझले नाहीत. चाचा हा पेपरातला शब्द आहे, बोलण्यातला नाही.)

पणजीहून

मडगावच्या ताईंचं वाचून पुस्तक परत चाळलं आणि मग एक लक्षात आलं, ते आधी यायला हवं होतं. चाचा कोण हे कोण बोलतंय त्यावर आहे. पोर्तुगीज इथे बसून कार्ताझ विकायचे, तो परवाना नसेल तर तुमचं गलबत जप्त, आणि हे कायदेशीर. कान्होजी आंग्रे तेच काम दस्तक देऊन करायला लागले तर इंग्रजांच्या कागदांत ते पायरेट. आपल्याकडे ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली आणि हात हलवत परतले. गंमत म्हणजे त्याच वर्षी गोव्याहून घरी निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाला खऱ्याखुऱ्या युरोपियन चाच्यांनी खजिन्यासकट धरलं. आणि त्याआधी 1510 ला आल्बुकेर्कला गोवा घ्यायला मदत करणारा तिमोजा, त्याला तर पोर्तुगीज आधी लुटारूच समजत होते, कामाला आला तसा दोस्त झाला.

आता पुस्तकात बघा. 'अंतराळचाचे' हा शब्द कंपनीच्या माणसांच्या तोंडी आणि मागच्या मजकुरात. यानातले लोक स्वतःला तो लावत नाहीत. म्हणजे माझा स्त्रीलिंगाचा प्रश्नच चुकीचा होता, तिला चाची म्हणायची वेळ कंपनीवर येते आणि तेही 'ती चाचा बाई' म्हणून मोकळे होतात.

म्हापशाहून

इतिहास झाला असेल तर जरा नांगराबद्दल बोलूया का? 'यानाने नांगर टाकला.' कशात टाकला?? मी तिथेच पुस्तक मिटणार होतो.

शिडाला मात्र माझा आक्षेप नाही. लोक हसले पण शीड खरंच असतं, जपानच्या इकारोस यानाने 2010 मध्ये चौदा बाय चौदा मीटरचं पातळ शीड उघडून नुसत्या सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर प्रवास करून दाखवलाय. 'शीड उभारलं' पण म्हणू नये, तिथे वारा नाही न् डोलकाठी नाही, 'शीड उलगडलं' म्हणा.

पाठलागाचं प्रकरण तर भारीच. एकाच कक्षेत पुढे गेलेल्याला गाठायचं तर जोर लावून चालत नाही, जोर लावला की तुम्ही वरच्या कक्षेत जाता आणि मागे पडता. आधी ब्रेक मारायचा, खाली उतरायचं, खालून लवकर फेरी मारून पुढे यायचं. तांडेल बाई म्हणते 'मागं सर म्हणजे गाठशील' आणि नवा पोरगा खुळ्यासारखा बघत राहतो. काणकोणकरांच्या रांपणीतलं मागे मागे सरकणं वाचलं आणि मला हेच आठवलं.

काणकोणहून

हे मला सुचलं नव्हतं हां. नांगर गेला तरी चालेल, तांडेल राहू दे.

फोंड्याहून

नांगराऐवजी 'धक्क्याला लागलं' लिहायचं, झालं. सासष्टीवाले तर कप्तानाला पात्रांवही म्हणतील, पण 'पात्रांव, कितें खबर' मित्रालाही म्हणतात, मग धाक काय राहिला.

पणजीहून

काल लेखक फेरीवर भेटला, सगळं वाचून दाखवलं. नांगर पुढच्या छपाईत काढतो म्हणाला (पुढची छपाई कधी ते विचारलं नाही, डिकीत अजून बऱ्याच प्रती दिसत होत्या). चांच्यांचा अनुस्वार त्याला पटला. मग मी त्याला पान 112 दाखवलं, तिथे तांडेल बाई स्वतःच म्हणते, 'आम्ही चाचे.' म्हटलं ही चूक राहिली काय? म्हणाला, नाही, त्याआधीचं वाक्य वाच.

आधीच्या वाक्यात तारवटी पोऱ्या तिला विचारतो, तुम्ही कोण.

मडगावहून

हो, आणि त्याच्या हातात तेव्हा तिचीच बंदूक असते. ते सांगायचं राहिलं तुमचं.