सरळ पुंगळीची काडतुसे : हरणाच्या शिकारीचे नियम कोणत्या तत्त्वावर बदलले?

नदीकाठ यांचा प्रश्न :

मी अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो. शिकारसुरक्षेचे शिक्षण नुकतेच पूर्ण केले असून या वर्षी हरणाच्या बंदुकीच्या हंगामासाठी परवाना घेण्याचा विचार आहे. माझे मेहुणे शेजारच्या मिशिगन राज्याच्या दक्षिण भागात राहतात आणि अनेक वर्षे शिकारीला जातात. आमच्या बोलण्यातून एक कोडे निघाले आणि ते दोघांनाही सुटलेले नाही.

माझ्याकडे .४५-७० काडतुसाची एक जुनी रायफल आहे. ओहायोच्या नियमांनुसार ती हरणासाठी चालते. मेहुण्यांचे म्हणणे असे की, मिशिगनच्या दक्षिणेतील मर्यादित शस्त्रांच्या पट्ट्यासाठी जो नियम झाला, त्यात हीच रायफल बसत नाही, त्यांची .४५० बुशमास्टर काडतुसाची रायफल मात्र दोन्ही राज्यांत बसते. .४५-७० हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये काळ्या बारुदीसाठी स्वीकारले होते, आणि त्याच्यापेक्षा वेगवान असलेले आजचे काडतूस मान्य व्हावे, हे मला उलटे वाटते. दुसरीकडे .३०-०६ सारखी सर्वपरिचित शिकारी रायफल दोन्ही नियमांत वर्ज्य आहे. काडतुसाच्या आकारावरून सुरक्षितता ठरते, असे मानण्याला काही आधार आहे का? आणि सीमेपलीकडे मेहुण्यांबरोबर जायचे झाल्यास मला दुसरी बंदूक घ्यावी लागेल का?

---

माळावरचा यांचे उत्तर :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. मिशिगनने २०१४ मध्ये त्या पट्ट्यासाठी जो नियम केला, त्यात गोळीचा व्यास किमान .३५ इंच, पुंगळी (बारूद आणि गोळी धरणारे काडतुसाचे धातूचे कवच) सरळ, आणि पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच अशी अट घातली. तुमच्या .४५-७० ची पुंगळी २.१०५ इंच भरते, म्हणजे ती केवळ लांबीवर बाद होते. .४५० बुशमास्टरची पुंगळी १.७० इंचाची असल्याने ती आत बसते. ओहायोनेही २०१४ च्याच हंगामापासून सरळ पुंगळीच्या रायफलींना मुभा दिली. परंतु तेथे आधी ठरावीक काडतुसांची यादी होती, पुढे .३५७ ते .५० इंच ही व्यासाची मर्यादा तेवढी ठेवली आणि लांबीची अट घातली नाही. त्यामुळे एकच रायफल एका राज्यात वैध आणि दुसऱ्यात अवैध ठरते. जाण्यापूर्वी त्या वर्षीची मिशिगनची नियमपुस्तिका अवश्य वाचावी, कारण हे नियम हंगामागणिक हलतात आणि मेहुण्यांची आठवण हा काही कायदेशीर बचाव नव्हे.

आता लांबीची अट कोठून आली, ते पाहू. तिची पूर्वपीठिका इंडियाना राज्यात आहे. तेथे २००७ मध्ये पिस्तुलाची काडतुसे झाडणाऱ्या रायफलींना परवानगी मिळाली, आणि ‘पिस्तुलाचे काडतूस’ म्हणजे काय हे कागदावर नेमके करण्यासाठी १.१६ ते १.६२५ इंच ही मोजपट्टी लावली गेली. पुढे वरची मर्यादा १.८० इंचांपर्यंत वाढली. खालची मर्यादा इतकी काटेकोर आहे की .३८ स्पेशल या पिस्तुलाच्या काडतुसाची १.१५५ इंचांची पुंगळी अवघ्या पाच सहस्रांश इंचाने बाहेर राहते, तर .३५७ मॅग्नम सहज आत येते. वरची मर्यादा बारुदीसाठी किती जागा मिळते यावर अप्रत्यक्ष बंधन घालते. मानेशी निमुळती होणारी पुंगळी, जशी .३०-०६ ची असते, तिच्या रुंद पोटात बरीच बारूद मावते आणि ती सारी ताकद एका बारीक, लांबट गोळीमागे लागते. अशी गोळी हवेत वेग कमी गमावते आणि दूरवर जाते. सरळ पुंगळीत गोळी जवळजवळ पुंगळीइतकीच जाड असते, त्यामुळे ती जड, बोथट आणि लवकर मंदावणारी होते. ओहायोसारख्या राज्यांत पूर्वी खांद्याला लावायच्या बंदुकांपैकी शॉटगन आणि ठासणीची बंदूक यांनाच मुभा होती, ती याच समजुतीवर.

या समजुतीला इतिहासही आहे. ओहायोतून पांढऱ्या शेपटीचे हरीण १९०४ च्या सुमारास नाहीसे झाले होते. पुन्हा हंगाम उघडला तो १९४३ मध्ये, तोही ॲडम्स, पाइक आणि सायोटो या तीनच परगण्यांत. हरणे परतली तेव्हा सपाट शेते, जवळजवळची घरे आणि सरळ रस्ते यांच्यामध्ये दूर जाणारी रायफल नको, अशी भूमिका घेणे स्वाभाविक होते. तेव्हाची १२ बोअरची स्लग (शॉटगनमधून झाडायची एकच जड गोळी) साध्या, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नसलेल्या नळीतून जेमतेम ७५ यार्डांपर्यंत भरवशाने लागत असे. आजची शॉटगन तशी राहिलेली नाही. आटे पाडलेली नळी, प्लॅस्टिकच्या कोशातली टोकदार गोळी आणि वर दुर्बीण लावली की ती जवळजवळ रायफलच होते. फक्त खांद्याला बसणारा धक्का अधिक. नियमाने शस्त्राचे नाव धरून ठेवले आणि शस्त्र मात्र नावाखाली बदलत गेले.

---

कागदोपत्री यांचे उत्तर :

वरील विवेचन बहुतांशी मान्य आहे, परंतु ‘रायफल दूर जाते म्हणून अधिक धोकादायक’ या गृहीतकाला पेनसिल्व्हेनियात तपासून पाहिले गेले आहे, आणि निष्कर्ष वाटतो तितका सरळ नाही. त्या राज्यात फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या परिसरात शिकारीच्या शस्त्रांबाबत विशेष नियमांचे विभाग आहेत. विधिमंडळाच्या समितीने करून घेतलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात .३०-०६, शॉटगनची आधुनिक स्लग आणि ठासणीची बंदूक यांची तुलना होती. नळी ३५ अंश वर उचलून झाडल्यास रायफलची गोळी सुमारे १३,९०० फूट, शॉटगनची सुमारे १०,४०० फूट आणि ठासणीच्या बंदुकीची सुमारे ९,२०० फूट जाते, असे गणित निघाले. इथपर्यंत सर्वांच्या अपेक्षेप्रमाणेच झाले.

पण हरणावर कोणी आकाशात नेम धरत नाही. नळी जमिनीला समांतर ठेवून, गोळी जमिनीवर आपटून उसळण्याचा हिशेब धरला, तेव्हा शॉटगनची गोळी रायफलपेक्षा कमी जात नाही, किंबहुना थोडी पुढेच जाते, असे दिसले. कारण साधे आहे : वेगवान, पातळ कवचाची गोळी आपटली की फुटते किंवा बरीच शक्ती गमावते, आणि जड, मंद गोळी अखंड राहून टप्पा घेते. त्यामुळे आकाराची मोजपट्टी लावून जो धोका टाळायचा, तो बहुधा शिकारी कोणत्या कोनात गोळी झाडतो आणि हरणामागे गोळी अडवणारी माती आहे की नाही यावरच अधिक ठरतो. मचाणावरून खाली झाडलेली गोळी कोणत्याही काडतुसाची असो, सहसा काही पावलांवर जमिनीत रुतते.

विस्कॉन्सिनने २०१३ च्या हंगामापासून राज्यभर रायफलींना मुभा दिली. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये शॉटगनपुरता राखलेला दक्षिणेचा पट्टा १ जानेवारी २०२६ पासून रद्द केला आणि तो निर्बंध हवा असल्यास परगण्यांनी स्वतः ठराव करावा, असे ठरवले. इलिनॉयने २०२३ पासून रायफल आणली, पण एका वेळी एकच गोळी भरणारी. प्रत्येक राज्य तडजोड वेगळ्या ठिकाणी करते. तुमचे कोडे याच विसंगतीतून आले आहे.

---

बांधालगत यांचे उत्तर :

मी शिकार करत नाही. माझे घर मात्र दोन बाजूंनी मक्याच्या शेतांना लागून आहे आणि बंदुकीच्या हंगामात पहाटेपासून बार ऐकू येतात. वरच्या अभ्यासाचा मला आदर आहे, तरीही एक शंका आहे. नियम सरासरी शिकाऱ्यासाठी नसतो, चुकणाऱ्यासाठी असतो. चुकणारा शिकारी पळत्या हरणावर, टेकाडाच्या कडेवरून, थोडी नळी उचलूनच झाडणार, आणि त्या क्षणी रायफलचे ते जादा साडेतीन हजार फूट कोणाच्या तरी अंगणात पडणार. घरापासूनच्या अंतराची अटही मला फारशी आश्वासक वाटत नाही. पेनसिल्व्हेनियात वापरातल्या इमारतीपासून १५० यार्डांची मर्यादा आहे, पण गोळीच्या पल्ल्यापुढे १५० यार्ड म्हणजे काय?

---

माळावरचा :

आपली शंका रास्त आहे, आणि ती खोडून काढणे मला जमणार नाही. इतकेच म्हणतो की, उचललेल्या नळीतून सुटलेली स्लगही दहा हजार फूट जाते. तेवढ्याने आपले अंगण वाचत नाही. मला स्वतःला भडक नारिंगी जाकिटाची सक्ती आणि शिकारसुरक्षेचे शिक्षण या दोन गोष्टी काडतुसाच्या लांबीपेक्षा मोलाच्या वाटतात. धक्का कमी असलेली रायफल नवशिक्याला डोळे न मिटता झाडता येते आणि त्याचा नेम चुकण्याची शक्यता घटते, हाही बदलामागचा एक युक्तिवाद होता. तो मला लांबीच्या अटीपेक्षा प्रामाणिक वाटतो.

एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड हे काडतूस आणले. त्याची पुंगळी १.७१ इंचांची आणि सरळ आहे. या नियमांच्या चौकटीत बसावे म्हणूनच ते घडवले गेले. आधी काडतुसे पाहून नियम झाले, मग नियम पाहून काडतूस झाले.

---

नदीकाठ :

सर्वांचे आभार. .४५-७० ओहायोतच वापरीन. तीही चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसे भरून, कारण ती अट मला शिक्षणवर्गात पहिल्यांदा कळली. मेहुण्यांकडे जाण्याआधी त्यांच्या राज्याची या वर्षीची पुस्तिका वाचेन, आणि शंका राहिली तर तेथे कॅमेरा घेऊन मचाणावर बसेन. ‘बांधालगत’ यांचा मुद्दा मात्र मनात राहिला आहे : मी जेथे बसणार आहे, त्या शेताच्या पूर्वेला एक घर आहे, आणि त्या दिशेला मागे टेकाड नाही. त्या बाजूने कितीही चांगले हरीण आले तरी मी झाडणार नाही, असे जमीनमालकाला आधीच सांगून ठेवले आहे.