परसातल्या कोंबड्या, त्यांचे शत्रू आणि कोंबड्याचं पीस: तुमचे अनुभव लिहा

सुरंगीवळेसर
काल सासूबाईंच्या शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर उपसला. दोऱ्यांचा गुंता, बटणं, गंजलेली बॉबिन आणि तळाला कोंबड्याच्या शेपटीचं एक पीस. तेलाने चिकट झालेलं, पण उजेडात धरलं तर अजून हिरवंनिळं चमकतंय. मशीनला तेल द्यायचं पीस ते. बाटलीत टोक बुडवायचं आणि नेमका भोकावर एक थेंब. पीस कुणाचं तेही ठाऊक आहे, आमच्या फौजदाराचं.

फौजदार म्हणजे डिचोलीच्या घरचा तांबडा कोंबडा. वर घार दिसली की एकच लांब किंचाळी, आणि पिल्लं धूम फणसाखाली. कुत्रं आलं तर वेगळं, कट कट कटाऽक, तेव्हा कोंबड्या लपायच्या नाहीत, माना उंच करून बघत राहायच्या. सासूबाई चुलीपुढून न उठता सांगायच्या, "घार आली गो, बघ जा."

एका रात्री खुराड्याचं दार लावायला मी विसरले. सकाळी परसभर पिसं. फौजदार नाही. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पिसं तेवढी वेचून आत घेऊन गेल्या.

तुमच्याकडे कोण येतं? काय उपाय केलेत? आणि पिसं ठेवता की टाकता?

कुळागरकर
मुंगूस. दुसरं कोण.

सड्यावरचा
कुळागरकर, रात्री मुंगूस कसं येईल? ते दिवसाढवळ्या फिरतं. रात्रीचे चोर म्हणजे उदमांजर, रानमांजर, कोल्हा. पिसं राहिली आणि अख्खा कोंबडा गायब, तर मी कोल्ह्यावर संशय घेईन.

आमच्याकडे वाळपईला आधी सहा कोनी भोकांची कोंबडीजाळी होती. ती कोंबड्या आत ठेवायला ठीक, कुत्र्याने एका रात्रीत फाडली. आता अर्ध्या इंचाची वेल्डमेश. दुसरं म्हणजे जाळी जमिनीपाशी संपवायची नाही. बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरायची, वर चिरे ठेवायचे. उकरणारा नेमका भिंतीच्या कडेलाच उकरतो, तिथे नखाला जाळी लागली की कंटाळतो. मागे सरकून उकरायची अक्कल अजून एकालाही आलेली नाही 😀 दाराला नुसती कडी नको, खिट्टी घाला.

आबोली_७
सुरंगी, वाचून कसंतरी झालं गं. माझ्याकडूनही दार राहिलंय एकदा. अकरा पिल्लं होती. जास्त लिहीत नाही.

काजूबोंडू
सांगे. अजगर. कौलाखालच्या फटीतून आत शिरला, कोंबडी गिळली आणि मग पोट फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर पडता येईना. सकाळी आईने दार उघडलं तर एका कोपऱ्यात चार कोंबड्या एकमेकींवर चढलेल्या, दुसऱ्या कोपऱ्यात हा वेटोळं करून. शेजारचे काका दांडा घेऊन हजर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, हात लावला तर तुम्हीच आत जाल, असं सांगून त्यांना कसंबसं थोपवलं. वनखात्याची माणसं येईपर्यंत एवढी गर्दी जमली की त्याने घाबरून कोंबडी ओकून टाकली. आई म्हणाली, "मग गिळलीस कशाला मेल्या?"

मिरामारकर
🤣🤣 आईंना नमस्कार सांगा

पेडणेकरीण
आमचा त्रास वरून. घार, शिक्रा आणि लहान पिल्लांना कावळासुद्धा. रापणकरांकडून जुनं जाळं आणून परसावर ताणलं. घार थांबली, पण एकदा खाली लोंबणाऱ्या टोकात धामण अडकली, अर्धा तास कात्रीने एकेक धागा कापत बसलो. जाळं लावा पण जमिनीपासून हातभर वर आणि ताठ. पिल्लांना पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवते. डालग्यावर दगड विसरू नका.

सड्यावरचा
आणि अंडी चोरणारी घोरपड? तीही पहिल्या अनुसूचीतच. संध्याकाळची अंडी उचला, एवढाच उपाय.

शापोऱ्याचा_गरीवाला
पिसांवर या आता. मानेची लांब पांढरी पिसं मला द्या सगळ्यांनी!! गरीच्या दांड्याला दोनतीन पिसं लाल दोऱ्याने बांधायची, गाठीवर नेलपॉलिश (बायकोचं, न विचारता). पाण्यातून ओढलं की पीस मिटतं-उघडतं, चोणकाला मासळी पळतेय असं वाटतं. भरती फिरायच्या सुमारास टाका.

आबोली_७
मी कानातली करते. कोंबडा मारावा लागत नाही, पावसाळा सरला की तो स्वतःच झाडतो. कोमट पाणी, अंगाचा साबण, सावलीत वाळवणं. मग पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीजरला, उवाबिवा मरतात. डब्यात कापूर. हिरवी झळाळी धुऊन जात नाही, ती रंगाची नसतेच, पिसाच्या घडणीवर उजेड खेळतो म्हणून दिसते.

फ्रीजरमध्ये ती पिशवी बांगड्यांच्या शेजारी होती. नवऱ्याने काय समजून सोडली ते विचारू नका.

कुळागरकर
उरलेली पिसं माडाच्या आळ्यात पुरा. नत्र भरपूर. कुजायला मात्र महिने लागतात, वर शेण आणि पाला हवा. उघडी टाकलीत तर कुत्री अंगणभर करतात.

मिरामारकर
आमचे आजोबा पीस कानात फिरवून डोळे मिटून बसायचे. समाधी.

पेडणेकरीण
कानात घालू नका हो काही! माझ्या दिराला टाके पडले असते.

मिरामारकर
कानाला टाके??

पेडणेकरीण
मोठी गोष्ट आहे, भात लावून येते.

काजूबोंडू
फौजदार नाव कुणी ठेवलं पण?

सुरंगीवळेसर
सासऱ्यांनी. ते स्वतः हवालदार म्हणून रिटायर झाले, म्हणायचे घरात एक तरी वरच्या हुद्द्याचा हवा.

सड्यावरचा, कोल्हाच असेल. तेव्हा मागच्या काजूत रोज कुई ऐकू यायची. आता तिथे बंगले आहेत.

आबोली_७
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कोण जातंय? खुडूक बसलेली गावठी कोंबडी मिळाली तर माझ्यासाठी बघा. अंडी आहेत, बसायला कुणी नाही.

शापोऱ्याचा_गरीवाला
मी जातोय. बदल्यात पांढरी पिसं.